नाथाच्या गिटारीला बारीक तारा

१२ फेब्रुवारी १९७४, मंगळवार

नाथाने आज गिटारीच्या तारा काढून टाकल्या! सहाच्या सहा. अंगणात कॉटवर ती बिनतारांची आडवी पडलेली, सोललेल्या बोकडासारखी. मी विचारलं, "मटण कवा शिजायचं?" तर हा हसला. दिवाळीत पलटणीतून पेन्शनीत निघून घरी आला, तेव्हापासून पहिल्यांदा हसला. म्हणून लिहून ठेवायला लावते आहे.

ही डायरी साखर कारखान्याने सभासदांना वाटली. माझ्या लेकाच्या, नाथाजीच्या नावावर आली. तो काही लिहीना. कोरी वही घरात पडू देणं म्हणजे रिकामा पाळणा हलवण्यासारखं. मला अक्षर येत नाही, पण तोंड येतं. सून हरणाबाई सातवी पास आहे. तेव्हा मी बोलायचं, तिने लिहायचं. तिच्याविषयी बोलले तरी तिने तेच लिहायचं, असं ठरलं. मी "हाय" म्हणते, ती "आहे" लिहिते. लिहू दे. सातवीचा तेवढा तरी उपयोग.

जानेवारीची पानं कोरी गेली. तेवढे दिवस रंगूबाई मेली होती असं समजावं.

१३ फेब्रुवारी, बुधवार

गिटार कसली, ते सांगायचं राहिलं. नाथा पलटणीच्या बँडात होता. साहेबलोकांच्या नाचाला ही विजेची गिटार वाजवायचा. हिला पोट नाही, नुसती फळी. वीज जोडली तर बोलते, नाहीतर कुजबुजते. नवी आली तेव्हा जुनी साहेबाने नाथालाच देऊन टाकली. पोरं लष्करातून ट्रंका आणतात, घोंगड्या आणतात, रम आणतात. आमच्याने फळी आणली.

लढाईच्या दिवसांत बँडवाल्यांना वाजवायला कोण सांगतंय! जखमी उचलायला पाठवलं, वर बर्फात. तिथे डाव्या हाताची दोन बोटं बर्फाने खाल्ली. दिसायला आहेत, कामाला नाहीत. परवा चुलीवरचं पातेलं उचललं तर कातडं जळाल्याचा वास आल्यावर ह्याला कळलं.

तेव्हापासून गिटार खुंटीला. आणि गिटारीखाली हा.

तर जानेवारीत सांगलीचा बाळासो आला. त्याचा ऑर्केस्ट्रा आहे. लग्नात, गणपतीत, उरसात. पायात खालून एवढी घोळदार पँट, की दारापासून ओसरीपर्यंत चालत आला नि माझं अंगण झाडून झालं. म्हणाला, "हवालदारसायेब, मला गिटारवाला पायजे. शिमगा झाला की येतो, तुमचा हात ऐकतो. जमलं तर तुमी या. न्हाई जमलं तर गिटार तरी द्या. खुंटीला टांगून काय करताय?"

नाथा म्हणाला, "दिली."

शब्द दिला! हवालदाराचा शब्द. हरणाने चहाचे कप असे ठेवले की एकाचा कान उडाला. आता त्या कपात मला चहा मिळतो.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

बारीक तारा आल्या. मुंबईला पलटणीतला त्याचा दोस्त आहे, त्याने पाठवल्या. हातात घेतल्या तर केसासारख्या. जुन्या तारांनी बैल बांधता आला असता.

नाथा म्हणतो, "जाड तारंला दाबाय जोर लागतोय, आय. त्यो माझ्या बोटांत न्हाई. बारीक तार हलकी दाबली की बास."

मला वाटलं, भोकात तार घातली, खुंटी पिळली, झालं. कसलं काय! वाजवली तर झणझणझण. पत्र्याच्या डब्यात भुंगा सापडल्यासारखी.

मग हवालदाराने मला कवायतीसारखं समजावून सांगितलं. जाड तारा इतकी वर्षं गिटारीची मान पुढे ओढत होत्या. मानेच्या पोटात एक लोखंडी सळई आहे, ती मागे ओढते. दोन्हीकडची ओढ सारखी असली की मान नीट राहते. आता तारा बारीक आल्या, पुढची ओढ कमी झाली, सळई जिंकली, मान मागे कलली. म्हणून तारा पडद्यांवर घासतात. पडदे म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या.

मी म्हटलं, एवढंच ना? सासू मेल्यावर सून ताठ होते, तसं.

हरणा, लिही. हसू नको.

१६ फेब्रुवारी, शनिवार

आज मान तपासली. तार वरच्या पडद्यावर दाबायची आणि पार खालच्या पडद्यावरही दाबायची, आणि मध्ये बघायचं, पोस्टकार्ड सरकेल एवढी फट आहे का. फट नसेल तर सळई ढिली करायची.

नाथाने दाबून बघितलं. त्याच्या बोटांना तार लागली की नाही, तेच त्याला कळेना. एकदा तर तार सोडून फळीच दाबत बसला! मी बोलणार होते, पण तोंड आवरलं. तारीख नीट लिहून ठेव, हरणा. असं रोज होत नाही.

मग त्याने हाक मारली, "अगं ए, जरा हिकडं ये. हितं दाब. आन् हितं."

ही पदर सावरत गेली आणि त्याच्या शेजारी कॉटवर बसली. भर अंगणात! सासू समोर, शेजारीण धोंडुबाई कुंपणावर, दोन म्हशी बघताहेत. ही आपली बसली. धोंडुबाई म्हणाली, "रंगूबाय, जोडा चांगला दिसतोय की!" मी म्हटलं, "माझ्या नवऱ्यानं मला शेजारी बसवलं ते लग्नात, ते पण भटानं सांगितलं म्हणून."

हरणाची बोटं बारीक आहेत. दोन्हीकडे अशी नेमकी दाबली की नाथा म्हणाला, "अस्सं!" पोस्टकार्ड सरकेना. त्याने किल्ली घालून सळई चतकोर फिरवली. चतकोरच. जास्त फिरवली तर मान जायची म्हणे. आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही, लाकडाला दम खाऊ द्यायचा.

१७ फेब्रुवारी, रविवार

गिटार दम खाते आहे. घरात ती एकटीच.

२० फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. उपास. रताळी, वरी, शेंगदाण्याची आमटी, केळी, खजूर. एरवी मी एवढं जेवत नाही.

मान सरळ झाली. मग घोडी उचलली. घोडी म्हणजे तारा खालच्या बाजूला जिच्यावरून जातात ती. तिला इवलेइवले स्क्रू. नाथा चष्मा लावून बसला होता, घड्याळजीसारखा. सुईएवढा पेचकस हरणाच्या हातात, कारण त्याच्या हातून तो तीनदा पडला आणि कोंबड्यांनी दाणा समजून चोच मारली.

संध्याकाळी वीज जोडून बघायची ठरली. हरणाला माहेरून रेडिओ आला आहे, त्याच्या पाठीमागे नाथाने गिटारीची वायर खोचली. म्हणजे गिटार रेडिओतून बोलणार. पण त्याच वेळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम असतो, आणि तो ऐकायला आमच्या ओसरीवर निम्मी आळी येऊन बसते. सगळे कान देऊन बसले. रेडिओतून आवाज आला, झण्ण!

आळीतला गुंडा म्हणाला, "ह्यो कसला रोग पडलाय उसावर?"

धोंडुबाईने विचारलं, "रेडिवत गांधीलमाशा शिरल्या का गं?"

नाथा खिडकीतून ओरडला, "गप बसा, टेस्टिंग चाललंय!"

गुंडा उठला. "कांद्याचं सांगत्यात का न्हाई आज? न्हाई तर मी देवळात जातो. तितं निदान घंटा तरी नीट वाजती."

महादेवा, तू गळ्यात नाग घालून बसतोस, तुला काय फरक पडतो म्हणा.

२३ फेब्रुवारी, शनिवार

रोग सापडला. दाबलेली तार नीट बोलते. मोकळी तार झणझणते. मानेच्या वरच्या टोकाला हाडाची एक पट्टी आहे, तिला खाचा पाडलेल्या, प्रत्येक तारेला एक. त्या खाचा जाड तारांच्या मापाच्या. बारीक तार त्यात हलते. नवऱ्याच्या चपलेत बायकोचा पाय.

नवी पट्टी करायला नाथा मिरजेला जाणार. तिथे सतारी आणि तंबोरे करणारे आहेत, हाडाचं काम त्यांचंच. हरणा म्हणाली, "मी पण येती." मी म्हटलं, "तू कशाला? पट्टी धराय?"

२६ फेब्रुवारी, मंगळवार

मिरजेची गंमत लिहिताना हरणाला दोनदा पेन खाली ठेवावं लागलं. ती गेली नव्हती, पण नाथाने येऊन सांगितलं ते तिनेही ऐकलं.

मिरजेचे उस्ताद म्हातारे. तंबोरे करण्यात जन्म गेला. त्यांनी गिटार उलटीपालटी केली. म्हणाले, "भोपळा कुठाय?" नाथाने सांगितलं, "हिला भोपळा नसतोय, उस्ताद. ही विजेची." "मग आवाज राहतो कुठं?" "रेडिओत." उस्तादांनी मान हलवली. आजारी माणसाच्या नातेवाइकांपुढे डॉक्टर हलवतात तशी.

तरी पट्टी झकास केली. हाड कापलं, घासलं, तारेच्या मापाने खाचा पाडल्या. मग त्यांनी मोकळी तार छेडली. अगदी बारीक झणझण आली. नाथा म्हणाला, "उस्ताद, ही झणझण—" पुढे "काढा" म्हणणार, तेवढ्यात म्हातारा खुलला! "समजलं, समजलं. जवारी पाहिजे तुम्हाला. आधी सांगायचं नाही का?" आणि पट्टी परत काढून दोन तास घासत बसले. नाथाला बोलूच देईनात. चहा पाजला, पान दिलं.

आता गिटार अशी झणझणते की जणू तंबोरा! तार पट्टीवर लोळत लोळत पुढे जाते आणि गुणगुणत राहते. मिरजेत तंबोरा असा गुणगुणला नाही तर गिऱ्हाईक परत येतं. उस्ताद म्हणाले, "खुली जवारी केलीय, खास तुमच्यासाठी. बेळगावापर्यंत अशी मिळायची नाही."

"मग तू काय म्हनलास?"

"काय म्हननार, आय? पाया पडलो आन् आलो."

हवालदार! पाकिस्तानपुढे उभा राहिला, मिरजेपुढे लवला.

२७ फेब्रुवारी, बुधवार

नाथा कानस घेऊन जवारी उतरवतो आहे. खाच मागच्या अंगाला उतरती करायची, म्हणजे तार पट्टीच्या पुढच्या कडेवर टेकते आणि तिथून सुटते. मग लोळायला जागा नाही. हाडाचा भुगा अंगणात पडला आणि आळीतली सगळी कुत्री आमच्या दारात जमली. आजवर आमच्याकडे एवढे पाहुणे कधी आले नव्हते.

उस्तादांना कळलं तर रडतील.

२ मार्च, शनिवार

झणझण गेली! गिटार स्वच्छ बोलते. मला वाटलं, सुटलो. तर म्हणे, अजून एक राहिलं.

मोकळी तार आणि मानेच्या बरोबर मध्यावर, बाराव्या पडद्यावर दाबलेली तीच तार, दोन्हींचा सूर जुळला पाहिजे, एक खालचा आणि एक वरचा. बारीक तारांनी तोही बिघडला. घोडीचे तुकडे पुढेमागे सरकवून तो जुळवायचा. एकेका तारेला एकेक तुकडा.

परत हरणा कॉटवर. हिने दाबायचं, त्याने छेडायचं.

"उतरलाय," नाथा म्हणाला. त्याने घोडी पुढे सरकवली. छेडली. "जुळला."

"न्हाई जुळला," हरणा म्हणाली.

मी सुपातलं धान्य सोडून बघत बसले. नवऱ्याला "न्हाई" म्हणाली. माझ्यादेखत!

"जुळला की."

"आवं, उतरलाय अजून. केसभर."

नाथाने परत छेडली. ऐकलं. परत छेडली. मग आणखी अर्धा आटा दिला. दोघांनी एकदम मान हलवली.

हिला एवढे कान आहेत हे मला आज कळलं. मी हाक मारते तेव्हा कुठे जातात?

४ मार्च, सोमवार

कांदा चिरताना हरणा "स्स" करते आहे. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना रेघा पडल्या आहेत, सुरीने खुणा केल्यासारख्या. म्हणे तारांनी. गिटार रोज तपासावी लागते, हवेने लाकूड फिरतं, असं नाथा सांगतो. हरणाही तेच सांगते. मी विचारलं, सकाळची हवा, दुपारची हवा, सगळीच तपासता का?

लिहिते आहे नुसती.

८ मार्च, शुक्रवार

शिमगा. होळीपुढे सगळ्यांनी बोंब मारली. मी सगळ्यात मोठ्याने मारली, आणि कोणाकोणाच्या नावाने ते इथे लिहायचं नाही, हरणा लाजते. गुंडा म्हणाला, "म्हातारे, दम हाय गं तुज्यात." मी म्हटलं, "तुजं नाव घेताना आपोआप येतोय."

घरी आले तर नाथा आतल्या खोलीत एकटाच वाजवत होता. उरलेल्या दोन बोटांनी सरळ चाल. तेवढी गोड वाजली. मग मेलेल्या बोटांची पाळी आली आणि सूर असा वर गेला, की दाराबाहेर बसलेलं मांजर उठून गेलं.

थांबला. परत पहिल्यापासून. परत तिथेच.

मी बाहेरूनच परत फिरले. धोंडुबाईकडे जाऊन तिची पुरणपोळी कशी बिघडली आहे ते तिला सांगितलं. बिघडली नव्हती.

१० मार्च, रविवार

जोतिबाच्या तसबिरीपुढे उभी राहिले. म्हटलं, आधी बोटं चालव, मग नारळ. आधी नारळ घेणारे देव मी लय बघितले.

१३ मार्च, बुधवार

बाळासो आला.

आज सगळं नीट लिहायचं, हरणा. गाळायचं नाही.

सकाळपासून नाथा दाढी करून, इस्त्रीची पँट घालून बसला होता. पेन्शनीचे कागद करायला गेला तेव्हाही एवढा नटला नव्हता. गिटार पुसून कॉटवर. रेडिओला वायर. ओसरीवर निम्मी आळी, कांद्याचा भाव सोडून आलेली. गुंडाही आला, पुढेच बसला.

बाळासोने आधी गिटार हातात घेतली. स्वतः छेडून बघितली. वरपासून खालपर्यंत एकेक पडदा. त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, "हवालदारसायेब, हे कोणी केलं?"

"म्या."

"बारीक तारा लावून एवढी गप्प कधी ऐकली न्हाई. माझ्याकडच्या सगळ्या झणझणतात. कोल्हापुरात दाखवल्या, न्हाई जमलं कुणाला."

माझी छाती अशी फुगली की चोळीची गाठ ताणली. धोंडुबाईकडे बघितलं. तिने मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

मग नाथाने घेतली.

पलटणीत साहेबांच्या नाचाला वाजवायचा ती चाल. सुरुवातीला डोळे मिटून. उजवा हात असा चालला, असा चालला! तो हात काही विसरला नाही. डावा हात मानेवर. पहिली दोन बोटं बरोबर गेली. मग ती दोन आली, आणि सूर वर चढला. दाबणं कळत नाही म्हणून जास्त दाबतो, आणि बारीक तार जास्त दाबली की ताणली जाते. जाड तार दाबली जायची नाही, बारीक तार नको तेवढी दाबली जाते. सगळी खटपट करून गाडी तिथेच.

त्याने परत सुरू केलं. परत तिथेच चढला. कपाळावर घाम. गुंडा मान खाली घालून स्वतःच्या चपलेकडे बघत होता. त्या मेल्याने तेव्हा काही वंगाळ बोलायला हवं होतं, मला निदान त्याला शिव्या देता आल्या असत्या.

तिसऱ्यांदा नाथाने सुरू केलं नाही. गिटार मांडीवर आडवी ठेवली.

बाळासो वाईट माणूस नाही. हळूच म्हणाला, "गिटार झकास झालीय. हात… बर्फानं खाल्ला, त्यात तुमचा दोष न्हाई." मग म्हणाला, "रविवारी माणूस पाठवतो."

"पाठवा," नाथा म्हणाला. "शब्द दिलाय."

चहा कोणी घेतला नाही. कपात तसाच गार झाला, साय धरून.

१४ मार्च, गुरुवार

काही नाही.

१५ मार्च, शुक्रवार

नाथा विहिरीवर जाऊन बसला होता. मी गेले. म्हटलं, "उडी मारणार असशील तर आधी मोटर बंद कर, वीज फुकट जाती."

हसला नाही.

म्हणाला, "आय, तारा बरोबर हायत. मान बरोबर हाय. घोडी, पट्टी, सगळं बरोबर हाय. मीच तेवढा जुळत न्हाई."

मी आपली त्याच्या शेजारी बसले. मग म्हटलं, "तुजा बा एक गाणं म्हनायचा, एकच. बेसूर. जन्मभर म्हनत राहिला. म्या कवा त्याला सांगितलं न्हाई."

"त्यो बा होता. त्याला ऐकू येत नव्हतं."

"तेवढंच सुख होतं त्याला."

आता थोडासा हसला. थोडासाच. उठून पाणी धरायला गेला.

घरी येऊन हे हरणाला सांगितलं. तिने लिहिलं, पण अक्षर एवढं दाबून काढलं आहे, की उद्याच्या पानावर उमटलं असेल.

१६ मार्च, शनिवार

हरणाने मला दुपारी जेवण झाल्याबरोबर धोंडुबाईकडे पापड लाटायला पिटाळलं. म्हणाली, "तिनं बोलावलंय." गेले तर धोंडुबाईचं पापडाचं पीठ अजून भिजलंही नव्हतं. तिने बोलावलं नव्हतं. मला चहा दिला, सुपारी दिली, आणि चार वाजेपर्यंत सोडलंच नाही. दोघींचं काहीतरी शिजतं आहे. मला वाटतं, गिटार जाण्याआधी नाथाशी भांडून घ्यायचं असेल तिला. भांडू दे. बायको भांडली तर माणसाला बरं वाटतं, कोणीतरी दखल घेतली असं.

१७ मार्च, रविवार

बाळासोचा माणूस पोतं घेऊन आला. मी "ने बाबा" म्हणणार, तेवढ्यात हरणा दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "बाळासोंनी सांगितलं व्हतं, वाजवाय जमलं न्हाई तर द्यायची. हितं जमतंय. गिटार मिळायची न्हाई."

तो म्हणाला, "कोण वाजवतंय?"

ही अंगणात गेली. नाथाच्या डाव्या अंगाला कॉटवर बसली. पदर कमरेला खोचला. गिटारीच्या मानेवर हिचा डावा हात, तारांवर त्याचा उजवा. ती पलटणीची चाल, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकदाही सूर चढला नाही. नाथा हिच्या बोटांकडे बघत नव्हता, डोळे मिटून होता. हीच बघत होती. धोंडुबाई कुंपणावर रडत होती, म्हणजे तिला सगळं आधीच ठाऊक होतं. माणूस रिकामं पोतं खांद्यावर टाकून गेला.

लिही, हरणा. मान खाली घालू नको, सगळं लिही. झालं? मग ठेव ते पेन आणि जा. तिकडे तो नुसता उजवा हात घेऊन बसला आहे.